दुसरा घोट

जावयाने पेला पुढे ठेवला आणि दोन पावलं मागे सरला. चाखताना बिअर बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा सासऱ्याचा नियम. सासऱ्याआधी कुणीच उघडायचं नाही, हा न सांगितलेला. आज बिअर पसंत पडली तर तळघराची किल्ली जावयाकडे जाणार होती. तसा शब्द सासऱ्याने लेकीला दिला होता, आणि दिल्यापासून तो त्याच्याच घशात अडकला होता.

बेल्जियन पद्धतीची आंबट बिअर. लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली, आणि आता पेल्यात ओतण्याआधी साखर घालून जरा माणसांत आणलेली. म्हाताऱ्याने नाक बुडवलं. ओल्या लाकडाचा वास, त्यामागून चेरी, आणि दारातच थबकलेला व्हिनेगर. घोट घेतला. गोडवा आधी येऊन ऐसपैस बसला. मग आंबटाने त्याला हळूच उठवलं आणि जिभेच्या कडांना पाणी सुटलं. अशी त्याला स्वतःला उभ्या जन्मात जमली नव्हती.

"गोड," तो म्हणाला. "म्हातारीने लाली लावावी तशी. खाली सुरकुत्या आहेतच."

शेजारी बसलेला दुकानदार हसला. त्याने स्वतःचा पेला तळापर्यंत रिकामा केला होता, पण वारा येईल तशी पाठ फिरवण्यावरच त्याचं दुकान चाललं होतं. तोही म्हणाला, हो, जरा जास्तच गोड.

आता जावयाने दुसरा घोट मागायचा. ही इथली जुनी रीत. मालकाने नाक मुरडलं की बनवणारा हात जोडतो, मालक पुन्हा चाखतो आणि कुरकुरत होकार देतो. आजवर सगळ्यांनी मागितला होता. खुद्द सासऱ्याने आपल्या बापाकडे. पोरगं एकदा वाकू दे, मग घेऊ दे किल्ली, एवढाच म्हाताऱ्याचा हिशेब होता.

जावई वाकला, पण पिंपाशी. त्याने तोटी सताड उघडली.

बिअर मोरीकडे निघाली. तळघराच्या पायरीवर उभी असलेली लेक वर गेली आणि उकळत्या पाण्याची बादली घेऊन आली. नापसंत पिंप उकळत्या पाण्याने धुवायचं, हीही घरचीच रीत. फक्त हे पिंप सासऱ्याच्या आजोबांच्या हातचं होतं. बिअर आंबवणारं जे काही असतं ते त्याच्या लाकडातच जगत आलं होतं, आणि उकळतं पाणी पडलं की ते संपणार, हे घरच्या तिघांनाही ठाऊक होतं.

"मामा, टाकू ना?" जावयाने अदबीने विचारलं.

दुकानदार म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. नाही म्हणावं तर मघाशी जीभ खोटं बोलली हे कबूल करणं आलं.

"विचारतोस काय? टाक."

वाफेबरोबर चेरीचा वास वर आला आणि तळघरभर पसरला. लेकीने विचारलं, पुरे का, बाबा.

"आणखी एक," म्हातारा म्हणाला, आणि वास पार जाईपर्यंत तिथेच उभा राहिला.