कोरड्या विटांची अंगणवाडी

साहेब, भिंत तुम्ही नासवलीत. वीट कोरडी लावायचा हुकूम तुमचा, आणि खुलासा मागता चंदाला?

बाजारहत्नूरच्या पुढे, डांबर संपतं तिथल्या गावात चंदा अंगणवाडी चालवते. बावीस लेकरं तिला टीचर म्हणतात, दुपारी जेवली की तिथंच निजतात. जुनी खोली गळायला लागली तेव्हा तुम्ही सांगितलंत, परदेशातून सेवाभावी पाहुणे येतील आणि स्वतःच्या हातांनी नवी बांधून देतील. जसे काही या गावात कुणाला हातच नव्हते! चंदाचे सासरे लक्ष्मणराव तीस वर्षं मेस्त्रीकाम करतात. अर्ध्या गावाच्या भिंती त्यांच्या थापीच्या. त्यांना तुम्ही कामावर घेतलंत ते पाहुण्यांना विटा पुरवायला.

पाहुणे अकरा. विशीतली पोरंपोरी, उन्हानं लाल झालेली, हातांत पांढरे मोजे. वीट त्यांनी आजवर लांबूनच पाहिली असावी. रांग करून, गाणी म्हणत ते विटा एकमेकांकडे सरकवायचे आणि मध्येच थांबून फोटो काढायचे.

पहिल्या सकाळी लक्ष्मणरावांनी विटा पाण्याच्या टाकीत टाकल्या. वीट पाण्यात पडली की बुडबुडे सोडते. बुडबुडे थांबले की काढायची, मग लावायची. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण तुम्ही गाडीतून उतरलात तेच ओरडत.

"ये क्या लगा रखा है? ओली वीट जड होते, त्यांच्या हातातून निसटते. सूखा दो, सूखा!"

"साहेब, विटेचं पोट आधी भरा लागते," लक्ष्मणराव म्हणाले. "नाई तं ते सिमेंटातलं पाणी पिऊन टाकते. मंग सिमेंटाची माती होते. भिंत उभी दिसन, पन धरनार नाई."

"तुम्ही इंजिनियर आहात का?"

"नाई. म्हनून तं माह्या भिंती उभ्या हायेत."

कामावरच्या बायका पदराआड हसल्या. तुम्ही टाकी रिकामी करायला लावलीत.

चौथ्या दिवशी भिंत खांद्याला लागली. लक्ष्मणराव पाहुण्यांच्या रांगेसमोर जाऊन उभे राहिले. "पाडा हे! आत्ताच पाडा! लेकरं मारायची सोय करून राह्यले का?" एका उंच पोरीनं तुम्हाला विचारलं, म्हातारबाबा काय म्हणतात. तुम्ही हसलात आणि इंग्रजीत भलतंच सांगितलंत. चंदा बारावी झालेली आहे, साहेब. 'ब्यूटिफुल' तिला समजतं. 'थँक यू' तर सगळ्या गावाला समजतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ती पोरगी डोळे पुसत लक्ष्मणरावांच्या गळ्यात पडली. ते खांबासारखे ताठ. त्यांनी थापी पिशवीत घातली आणि घरची वाट धरली.

मग तुम्ही गुडीहत्नूरहून दुसरा मेस्त्री आणून भिंती पुऱ्या केल्यात, वर पत्रे टाकलेत. एका दिवसात गिलावा, दुसऱ्या दिवशी निळा रंग. पाहुण्यांनी पांढऱ्या रंगात तळवे बुडवून भिंतीवर ठसे उमटवले. उद्घाटनाला तुम्ही तुमच्या चार वर्षांच्या मुलाला आणलंत, त्याचाही ठसा घेतलात. पाटीवर अकरा नावं लागली, खाली तुमचं. पाहुणे विमानात बसले.

सोमवारपासून लेकरं आत बसवायची होती. रविवारी सकाळी चंदा झाडायला गेली. खिडकीच्या कोपऱ्यात गिलावा पोचला नव्हता. तिनं केसांतला आकडा काढला आणि दोन विटांच्या सांध्यात खुपसला. तो सरळ आत गेला. भुरभुर वाळू पडली. आकडा बाहेर काढला तरी पडत राहिली. तिनं वीट धरली, तर पडू आलेल्या दातासारखी हलली. तिनं खोलीला कुलूप घातलं.

सोमवारी बावीस लेकरं सोनाबाईच्या ओसरीत बसली. सोनाबाई म्हणजे शेजारची म्हातारी, तोंडानं तिखट.

"काऊन वं चंदा, निळा बंगला सोडून माह्या ओसरीत? का तिथं भूत हाय?"

"भूत असतं तं बसवली असती, काकू. भिंत कच्ची हाय."

"मंग राहू दे इथंच. पन माह्या कोंबड्यांमांगं कोणी धावलं, तं तुही खैर नाई."

आठवड्यात तुमचा कागद आला, तेलुगूत; इकडचे सरकारी कागद तेलुगूतच येतात. नवी इमारत बंद ठेवून आदेश मोडला, तीन दिवसांत खुलासा द्या, नाही तर कामावरून कमी करू. चंदाच्या वरच्या सुपरवायझर हर्षाली मॅडमनी फोनवर सल्ला दिला, "माफी लिही अन् पोरं आत घे. सगळ्यांच्या खोल्या अशाच असतात." घरात महिन्याला येणारा पगार तेवढा एकच.

"मामाजी, लिहू का माफी?" चंदानं विचारलं.

लक्ष्मणरावांनी कोपऱ्यातल्या थापीच्या पिशवीकडे पाहिलं. "माही थापी होती, मी ठेवली. तुही नोकरी हाय, पोरी. मी काय सांगू? येवढंच सांगतो, भिंत पावसाळा काढनार नाई."

तिसऱ्या दिवशी चंदा तुमच्या टेबलासमोर उभी राहिली. तुम्ही मान वर केली नाहीत.

"माफी आणली?"

तिनं कागद ठेवला. उडू नये म्हणून त्यावर केसांतला आकडा ठेवला.

"हे काय?"

"माझा खुलासा, साहेब. आकडा सांध्यात घालून पाहा, लिहिलंय ते पटेल."

"बरं, पाहू नंतर. जा आता."

ती हलली नाही. दारात शिपाई उभा राहून ऐकत होता, तोही हलला नाही.

"त्या भिंतीवर तुमच्या पोराच्या हाताचा ठसा आहे," चंदा म्हणाली. "माझी बावीस लेकरं रोज दुपारी त्याच भिंतीखाली निजवा म्हणता. आधी तुमचं पोर एक दुपार तिथं निजवाल का? हो की नाही, तेवढं सहीनिशी लिहून द्या. तीन दिवसांत."