माझा शेवट बदलला

मी उर्मिलाताईंच्या कपाटातली अमेरिकन कादंबरी बोलतेय. माझ्या शेजारी तिकडच्या शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या आहेत, अगदी अलीकडच्याही आहेत. ताईंना त्यांचं वेडच. भाईंदर पश्चिमेच्या या फ्लॅटमध्ये त्या आणि त्यांचे वडील पंढरीनाथ, दोघंच राहतात.

बाबांची नजर गेली तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या त्या पुस्तकांतलं काहीतरी वाच. अनिश राहतो तो मुलूख कसा आहे, कळू दे तरी."

अनिश ताईंचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो अमेरिकेहून आला नाही, म्हणून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते.

ताईंनी मला निवडलं. बँकेतून आल्या की चहा घेऊन बसायच्या आणि मला मराठीतून सांगायच्या. माझ्यात एक म्हातारा शेतकरी आहे, मुलाशी भांडलेला. बाबा मध्येच विचारायचे, "तिकडचा मका आपल्यासारखाच असतो काय गं?" इतकं मन लावून मला कुणी ऐकलं नव्हतं.

माझ्या शेवटी तो शेतकरी हट्टापायी मुलाला बोलवत नाही आणि थंडीत एकटा मरतो. मुलगा येतो तो घराला कुलूप लावायला. त्या पानावर ताई अडखळल्या. बाबांच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "मग बाबा, दारावर थाप पडली. मुलगा आला होता."

माझ्यात यातलं एक अक्षरही नव्हतं.

बाबांनी डोळे पुसले. "बघ, आपणहून आला. बापाने बोलवायचं नसतं."

हिवाळ्यात अनिश ऑफिसच्या कामाने मुंबईत आला. त्याचा ताईंना फोन आला, "बाबांना एकदा नुसतं ये म्हणू दे, लगेच निघतो."

"त्या शेतकऱ्याच्या पोराने विचारलं होतं का?" बाबा म्हणाले. "येईल तोही."

मी समोरच टेबलावर होते. आता तरी ताई खरं सांगतील असं मला वाटलं. त्यांनी मला उचललं आणि कपाटात ठेवलं. अनिश अंधेरीच्या हॉटेलातूनच परत गेला.

पुढे शेजारची सान्वी मला कॉलेजसाठी घेऊन गेली. परत द्यायला आली तेव्हा सहज बोलून गेली, "आजोबा, शेवट किती वाईट ना? बिचारा एकटाच गेला."

बाबांनी तिला तिथेच बसवून शेवटची पानं मराठीतून वाचून घेतली. ताई घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "अनिश मुंबईत होता, तेव्हा तरी सांगायचंस, उर्मिला."

"तुम्हाला त्रास झाला असता, बाबा."

"झाला असता. मी त्याला फोन केला असता."

मग त्यांनी फोन लावायला सांगितला. "ये," म्हणाले. मग अनिश म्हणाला, "आता रजा मिळणं कठीण आहे, बाबा. बघतो."

तो अजून आलेला नाही. बाबांना आता सान्वी वाचून दाखवते. ताई स्वयंपाकघरातून ऐकतात. मला त्या हात लावत नाहीत.

ताई, मी तुमची आवडती होते. बाबांना सांगायचं होतं ते मी शेवटच्या पानापर्यंत जपून आणलं होतं. ते तुम्ही त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नाहीत.