शेवटची ओळ

धुळ्याच्या त्या कॉलेजात प्राचार्य तोतारामसरांना संगणकाबद्दल एवढंच ठाऊक होतं, की वापरून झाल्यावर त्यावर झालरीचं झाकण घालायचं असतं. साल अठ्ठ्याण्णव. प्रयोगशाळा प्रमिलाबाई सांभाळत, आणि सरांकडे बघून त्यांना रोज एकच वाटे: उथळ पाण्याला खळखळाट फार.

छपाईचा प्रोग्राम फुकटातला होता. जगभरची माणसं तो मिळून लिहीत आणि आतला कोड सगळ्यांना उघडा ठेवत. चूक सापडली की ज्याने त्याने दुरुस्त करून पाठवायची. करणाऱ्याचं नाव त्यात कायमचं लागायचं. कॉलेजच्या प्रिंटरवर हा प्रोग्राम प्रत्येक पानाची शेवटची ओळ खायचा. दाखल्यांवर 'प्राचार्य' हा शब्द सर हाताने लिहीत, आणि त्यातही त्यांना मोठेपणा वाटे. प्रमिलाबाईंनी दोन महिने डोकं घालून चूक शोधली. दुरुस्ती अवघ्या दोन ओळींची. तिच्यावर आपलं नाव लागावं, एवढीच त्यांची हाव होती.

ती पाठवायची, तर ईमेल मात्र सरांच्या केबिनमध्ये.

"संस्थेचं नाव परदेशात जातंय!" सर फुलले. "आधी अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, सचिव, संचालक मंडळ, मग मी. मानाचा क्रम चुकवू नका." जणू लग्नपत्रिकाच छापायची होती. दोन ओळींच्या कामाला सतरा नावं झाली.

"आणि माझं?"

"कर्मचाऱ्यांची नावं पत्रिकेत असतात का, बाई? आणि ती दुरुस्ती आपल्या मशीनवर बसवू नका. कमिटीची मंजुरी नाही."

शिपाई वना दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, बठ्ठास्नं नाव शे, तुम्हनंच नही!"

सगळ्यांचं नाव आहे, आपलंच नाही! प्रमिलाबाईंना संताप आला, आणि त्याहून जास्त किळस. पण त्या मुकाट्याने टाइप करत राहिल्या. सतरा नावं, त्यांच्या पदव्या, अध्यक्षांच्या दूरदृष्टीची स्तुती. पान काठोकाठ भरलं. सर पडद्यावरचं वाचत नसत, आणि छापील कागदावर त्यांची सही झाल्याशिवाय कॉलेजातून काही बाहेर जात नसे. त्यांनी छापलेलं पान चष्मा लावून दोनदा वाचलं, अध्यक्षांच्या नावावर मान डोलावली, सही ठोकली, जावक क्रमांक घातला. पत्र ईमेलने गेलं.

आठवड्याने उत्तर आलं. सत्काराची शाल आधीच आणून ठेवलेली. सरांनी उत्तराचा छापील कागद ऐटीत वाचायला घेतला.

"दुरुस्ती घेतली. वरची सतरा नावं कशासाठी ते कळलं नाही, ती काढली. प्रमिला, तुमचे आभार. तुमचं नाव लावलं आहे."

सरांचा आवाज खाली आला. "तुमचं नाव आलं कुठून? मी सही केली तेव्हा पानावर नव्हतं!"

"होतं, सर. अगदी शेवटी. 'ही दुरुस्ती प्रमिलाने एकटीने केली.' ती ओळ आपला प्रिंटर खातो ना." प्रमिलाबाईंनी संगणकावरचं झाकण काढून शालीशेजारी घडी घालून ठेवलं. "आता बसवू का दुरुस्ती?"