कॉलरचे हुक

माणूस चेहऱ्यावरून ओळखावा म्हणतात. वेंडेल प्रुसाक माणसं पाठीवरून ओळखायचा. मिलवॉकीत नदीकाठच्या त्या थिएटरच्या कपडेपटात त्याची चौतीस वर्षं गेली होती. नट आरशाकडे तोंड करून उभा राहिला की त्याच्या मागे उभं राहायचं, बटणं लावायची, हुक अडकवायचे, नाड्या ओढायच्या आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही, हा आता त्याचा स्वभावच होऊन बसला होता. कोण पोटाला पट्टा बांधतो, कोणाच्या दंडावर कोणाचं नाव गोंदवून मग खोडलंय, हे सगळं त्याला ठाऊक असे. पण रंगपटात दिसलेलं रंगपटाच्या दाराबाहेर न्यायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच की काय, तो मोडायचं कोणाच्या मनात येत नसे.

त्या हंगामात त्याच्याकडे ओडेसा टॉलिव्हर होती. वय अठ्ठावन्न, आवाज असा की शेवटच्या रांगेतला डुलकी घेणारा माणूस दचकून सरळ बसावा. नाटक एका गिरणीमालकाच्या विधवेचं, शंभरेक वर्षांपूर्वीचं. पाच पोशाख, पाचही कंबर आवळणाऱ्या घट्ट कॉर्सेटवर बेतलेले, पाचही बंद गळ्याचे, हनुवटीपर्यंत उभ्या जाळीदार कॉलरचे.

कॉर्सेटच्या पाठीला दोन बोटं फट राहायला हवी, नाडी ओढायला तेवढी जागा लागते. तालमींच्या वेळी ती फट बरोबर दोन बोटं होती. पहिला प्रयोग झाला तेव्हा एक बोट. पुढच्या पंधरवड्यात दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या.

"ओढ की, राजा," ओडेसा आरशातून म्हणाली. ती सगळ्यांनाच राजा म्हणायची, दारवानालासुद्धा.

"ओढायला काही उरलं नाही, मिस ओडेसा."

"बघ! आणि माझी आई म्हणायची, ह्या पोरीला कंबर म्हणून नाहीच."

सोमवारी थिएटर बंद असे. त्या दिवशी वेंडेल एकटा येऊन शिवणी उसवायचा आणि पोशाख आत घ्यायचा. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्याचं काम इतकं सफाईदार होतं की मंगळवारी कापड तिच्या अंगावर जणू तिच्यासाठीच नव्याने बेतल्यासारखं बसायचं. न्यूयॉर्कहून आलेला वेशभूषाकार मधल्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत म्हणाला, "हीच! हीच रेषा मला पहिल्यापासून हवी होती!" वर्तमानपत्रात कोणीतरी लिहिलं, टॉलिव्हर इतकी डौलदार कधीच दिसली नव्हती.

ते वर्षच तसं होतं. मासिकांतल्या बायका पुन्हा काटकुळ्या झाल्या होत्या. रंगपटातल्या फ्रिजमध्ये दह्याच्या डब्यांशेजारी वजन उतरवायच्या इंजेक्शनची पेनं ठेवलेली असत, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. ओडेसाच्या मुलीचं काम करणारी मॅकेना सव्वीस वर्षांची होती. ती एकदा दारातून डोकावून म्हणाली, "मिस ओडेसा, तुमचं कुठलं इंजेक्शन? सांगा ना! माझी डॉक्टर म्हणते, इंजेक्शन द्यायला तुझं वजन तेवढं नाही."

"माझं इंजेक्शन नाही, राजा. माझ्या दुसऱ्या नवऱ्याचा फोटो आहे. जेवणाच्या टेबलावर ठेवते, घास उतरत नाही."

मॅकेना खिदळत निघून गेली. वेंडेलही हसला. त्यालाही वाटलं होतं, इंजेक्शनच. फक्त शुक्रवारी त्या गावच्या रिवाजाप्रमाणे सगळे तळलेल्या माशांवर तुटून पडत तेव्हा ओडेसा आपला मासा गुपचूप त्याच्या ताटलीत सरकवायची. इतकंच त्याच्या ध्यानात आलं होतं, आणि त्याने तो मासा खाल्लाही होता.

बुधवारच्या दुपारच्या प्रयोगात त्याला कळलं. दुसऱ्या अंकात तिला विंगेत अंधारात चाळीस सेकंदांत काळा पोशाख उतरवून निळा चढवायचा होता. वेंडेल दातांत बारकी टॉर्च धरून उभा असे. त्या दिवशी कंबर बसली, छाती बसली, पण कॉलरचा दुसरा हुक काही पोहोचेना. त्याला वाटलं, आपली बोटं म्हातारी झाली. त्याने पुन्हा ओढलं. अंग इतकं आटलेलं, कापड सगळीकडून आत घेतलेलं, आणि एवढी एक कॉलर तेवढी अपुरी. मग बोट डाव्या बाजूला, मानेच्या मुळाशी लागलं. तिथे अक्रोडाएवढं काहीतरी होतं. घट्ट, न हलणारं.

"सोड," ती कुजबुजली. "शाल दे." आणि उघड्या हुकावर शाल ओढून ती उजेडात गेली. तिथून तिचा तो खणखणीत आवाज आला, जणू काही झालंच नाही.

प्रयोगानंतर वेंडेल तिच्या पाठीमागे उभा राहिला. हुक काढायचे सोडून नुसताच उभा.

"इंजेक्शनने मान जाड होत नाही, मिस ओडेसा."

तिने आरशातून त्याच्याकडे बघितलं. मग रंगाच्या पेटीतून घडी केलेला कागद काढून तिने टेबलावर ठेवला.

"फेब्रुवारीत मोफत दवाखान्यात गेले होते. डॉक्टर म्हणजे पोरगीच होती, मॅकेनापेक्षा लहान. तिने इथे हात लावला आणि तिचा चेहरा बदलला. नटीसमोर चेहरा बदलू नये रे माणसाने. आम्हाला चेहरे वाचण्यावाचून दुसरं येतं काय? तिने स्कॅन लिहून दिलाय."

"मग?"

"मग काय? विम्याशिवाय स्कॅन म्हणजे नुसतं त्या रोगाचं नाव कळणार. पुढचं कोण करणार? सरकारी योजनेत बसायला मी पुरेशी गरीब नाही, स्वतःचा विमा घ्यायला पुरेशी श्रीमंत नाही. अगदी मधोमध उभी आहे. आयुष्यभर रंगमंचावर हीच जागा मागत होते."

वेंडेलला हसू आलं नाही.

नटांच्या युनियनचा विमा मिळायला वर्षात बारा आठवड्यांचं काम लागे, हे त्या इमारतीत सगळ्यांना तोंडपाठ होतं. ओडेसाचे दोन आठवडे आधीच्या एका कामाचे होते. हे नाटक तालमींसकट नऊ आठवड्यांचं, आणि गर्दी बघून दहावा वाढवल्याचं जाहीर झालं होतं.

"दोन आणि दहा," ती म्हणाली. "एवढं पार पडलं की मी स्वतः चालत जाईन त्या यंत्रात. तोवर तू हुक पुढे सरकव."

"निदान व्यवस्थापिकेला, किर्स्टनला सांगू या. ती चांगली बाई आहे."

"चांगली आहे म्हणूनच सांगायचं नाही. ती मला घरी पाठवेल. डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय रंगमंचावर पाऊल टाकू देणार नाही, तिला तसं करावंच लागेल. मग माझ्या जागी दुसरी उभी राहील आणि माझे आठवडे जागच्या जागी थांबतील. वेंडेल, रंगपटातलं रंगपटात. तुझाच नियम ना?"

त्याने हुक अर्धा इंच पुढे घेतले. पुढच्या सोमवारी तेही पुरेनात, म्हणून मागे जाळीची एक पट्टी जोडली, अशी की पुढच्या रांगेतून दुर्बीण लावली तरी जोड दिसू नये. त्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, आपण हे कापड एक आठवडा जरी सैल सोडलं असतं तर कोणाच्या तरी डोळ्यांवर आलं असतं. पोशाख लोंबला असता, कोणी विचारलं असतं. आपण दर सोमवारी येऊन ही बाई झाकत गेलो. हा विचार त्याला सोसवेना. पण टाका अर्धवट सोडता येत नाही. त्याने तो पुरा केला.

गुरुवारी फलकावर कागद लागला. वाढीव आठवडा रद्द. त्या आठवड्याची तिकिटं उठली नव्हती. मंडळी फलकासमोर उभी राहून "छे!" म्हणाली, कोणी म्हणालं बरं झालं, मला बहिणीच्या लग्नाला जाता येईल. ओडेसाने कागद वाचला, मॅकेनाच्या खांद्यावर थोपटलं आणि ती रंगपटात गेली. दोन आणि नऊ, अकरा.

वेंडेल व्यवस्थापिकेच्या खोलीत गेला. किर्स्टनने मान वर केली.

"अरे वा, वेंडेल! बारा वर्षांत पहिल्यांदा तू माझ्यासमोर बसतोयस. नोकरी सोडतोयस की काय?"

"तो आठवडा... अर्धे प्रयोग केले तर? दोन-तीनच?"

"त्या आठवड्याची बाल्कनी रिकामी आहे रे अख्खी. मलाच वाईट वाटतंय. पण तुला काय फरक पडतो? तू पगारी माणूस, मंगळवारपासून पुढच्या नाटकाची शिवण सुरू."

"माझ्यासाठी नाही."

"मग कोणासाठी?"

टेबलावर एक निवडुंगाची कुंडी होती. वेंडेलने ती जरा बाजूला सरकवली. एक वाक्य बोलायचं होतं. बोलला असता तर या बाईचे डोळे भरून आले असते, तिने उठून दार लावून घेतलं असतं, आणि मग नियमाप्रमाणे फोन उचलला असता. उरलेले चार प्रयोगही गेले असते. अकराचे दहा झाले असते. न बोलावं तर अकरा. बारा कुठूनच होत नव्हते.

"सगळ्यांसाठी," तो म्हणाला.

"सगळ्यांसाठी मलाही वाटतं रे," किर्स्टन म्हणाली, आणि तिने त्याला एक बिस्किट दिलं. ते हातात धरून तो जिना उतरला.

शेवटच्या रविवारी ओडेसा एकदम आनंदात होती. इंडियानापोलिसला एक छोटं काम मिळालं होतं, एका आजारी नटीच्या जागी. तालमी दीड महिन्याने सुरू होणार.

"पहिलाच आठवडा संपला की बारा! बघितलंस?"

वेंडेल बोटांवर महिने मोजत होता. बारा झाल्यावर कार्ड हातात यायला आणखी दोन महिने. "ऑगस्ट उजाडेल," तो म्हणाला.

"ऑगस्ट चांगला महिना आहे. माझा जन्म ऑगस्टचा." तिने शाल घेतली. "तिथल्या कपडेपटातली नॅडीन तुझ्याकडे माझी मापं मागेल. जानेवारीतली पाठव."

"पहिल्या फिटिंगलाच कळेल तिला."

"कळू दे. तोवर आठवडा सुरू झालेला असेल. नट फिटिंगपर्यंत पोहोचला की त्याला सहसा काढत नाहीत." मग तिने एकदम त्याचा हात धरला. तिची बोटं थंडगार होती. "मला आणखी काही सुचत नाही, राजा. तुला सुचतंय का?"

त्याने तिचा कोट धरला, तिने बाह्यांत हात घातले. कोट तिचा स्वतःचा होता, त्यामुळे तो कोणी आत घेतला नव्हता. दारातून बाहेर पडताना तो तिच्या खांद्यांवरून खाली घसरत होता.

मंगळवारी इंडियानापोलिसहून मापांचा कोरा तक्ता आला. वेंडेलने जानेवारीचं कार्ड समोर ठेवलं. कंबर छत्तीस, मान साडेतेरा. चौतीस वर्षांत त्याने चुकीचं माप कोणाला कळवलं नव्हतं. चुकीच्या मापावर कोणीतरी खरं कापड कापतं. शिवाय त्याला वाटलं, जुन्या मापाचा झगा पहिल्याच दिवशी तिच्या अंगावर पोत्यासारखा लटकेल आणि सगळे बघतील. खरं माप दिलं तर झगा नीट बसेल, आणि नीट बसलेल्या कपड्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. आपण हेच तर करत आलो. त्याने कंबर साडेएकोणतीस लिहिली. त्याच ओघात, खालच्या चौकटीत, मान पंधरा लिहिली आणि तक्ता पाठवून दिला.

बुधवारी सकाळी नॅडीनचा फोन आला. ती इंडियानापोलिसच्या कपडेपटात कापड कापायचं काम करायची, तिची-त्याची ओळख पंचवीस वर्षांची.

"म्हाताऱ्या, चष्मा बदल! साडेएकोणतीस कंबर आणि पंधरा मान? बाई पाठवतोयस की बैल?"

वेंडेलला आता कुठे उमगलं की कुठल्याही कापणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी-शेजारी बघितले तर तो थांबणारच.

"एक आकडा चुकलाय बघ," नॅडीन म्हणाली. "कुठला?"

मशीन बंद होतं. बाहेर कोणीतरी लाकडी फळ्या ओढत नेत होतं, ओडेसाच्या नाटकातल्या दिवाणखान्याच्या भिंती मोडायला घेतल्या होत्या.

"वेंडेल? आहेस ना?"

"मान," तो म्हणाला. "मान चुकली."

"वाटलंच मला. जुन्या कार्डावर काय आहे?"

"साडेतेरा."

"हां, हे बाईचं माप. बरं झालं विचारलं. आमच्याकडे सगळ्या नन आहेत रे, मठातलं नाटक. गळ्याभोवती पांढरं गच्च बांधायचं, हनुवटीपर्यंत. अर्ध्या इंचाने इकडेतिकडे झालं तरी श्वास कोंडतो पोरींचा."

वेंडेल घाईने म्हणाला, "नॅडीन, गळ्याच्या शिवणीत कापड जास्त सोड, पुढे उसवून वाढवता येईल असं."

"किती?"

"सोडता येईल तेवढं."

नॅडीन हसायची थांबली होती.

"काही आहे का रे? मला सांगण्यासारखं?"

नॅडीनही चांगली बाई होती. तिच्याही थिएटरात एक किर्स्टन होती, तिच्याही टेबलावर एक फोन होता.

"नाही," वेंडेल म्हणाला. "सवय आहे माझी. शिवण मोठी असली की बरं वाटतं."

"बरं बाबा. सोडते." मग ती लिहिता लिहिता पुटपुटली, "मान... साडे... तेरा," आणि तिने फोन ठेवला.