पाहुण्यांचं पाणी

आमच्या गावातलं बोरचं पाणी खारं. आम्ही त्यावरच वाढलो, पण पाहुण्याला विकतच्या जारचंच द्यायचं, हा रिवाज. तोच आम्हाला वसमतला नडला.

माझी भाची प्रतिक्षा आठवीत आहे. तिथं तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिनं नॉटिलस मांडला होता. नॉटिलस म्हणजे समुद्रातला शंखवाला प्राणी. त्याच्या शंखात खोल्या असतात. पुढच्या मोठ्या खोलीत तो स्वतः राहतो. मागच्या खोल्यांतलं पाणी एका बारीक नळीनं हळूहळू ओढून घेतो आणि हलका होतो. मागाहून अंगातलाच वायू तिथं झिरपतो. मग ना बुडतो, ना वर येतो. हे कळल्यापासून मी भाकरी थापतानाही त्याचाच विचार करून राहिले.

प्रतिक्षाचा नॉटिलस म्हणजे म्हशीच्या औषधाची काचेची बाटली, आत थोडं पाणी, उलटी. रबरी बुचात सुई, सुईला सलाइनची नळी, नळीला सिरिंज. घरी ती पाण्यात बराबर मधोमध राहायची. इथं काचेच्या पेटीत सोडली, तर तळाला जाऊन बसली.

"पाणी कोणतं भरलं, बाबा?"

"जारचं," माझा भाऊ भागवत म्हणाला. "एवढे साहेब लोक येऊन राहिले, त्यांच्यापुढं खारं ठिवू व्हय?"

"त्यांना प्यायचं न्हाई ते. खारं पाणी जड असतं, त्याच्यावर बेतली होती मी बाटली."

परीक्षक शेजारच्या टेबलाशी आले होते. इथून एकच मॉडेल जिल्ह्याला, हिंगोलीला जाणार. भागवत पळत गेला आणि भज्याच्या गाड्यावरून मूठभर मीठ घेऊन आला. "घे, कर खारं."

तिचा हात पुढे झाला, मग मागे आला.

"समुद्रात मीठ टाकायला कोण जातं, बाबा? तो आपल्या पोटातलं पाणी कमी करतो."

तिनं सिरिंज ओढली. बाटली ढिम्म.

"ओढ की अजून," मी म्हणाले.

"हळू, आत्या. घाई केली की थेट वरच जाती."

आणखी थेंबभर. बाटलीनं तळ सोडला, डुलली, वर सरकली आणि मधोमध थांबली.

"हवा भरलीस?" परीक्षकांनी विचारलं.

"न्हाई सर. पाणी काढलं."

सर पेटीसमोर उकिडवे बसले. "परत दाखव." तिनं पाणी आत ढकललं, बाटली बुडाली, ओढलं, वर आली. सरांनी बाकीच्या दोघा परीक्षकांनाही हाक मारली.

संध्याकाळी स्टँडवर भागवत म्हणाला, "हिंगोलीला बोरचंच पाणी नेऊ. तेलाचा डबा धुऊन ठिवतो."

"कोणतंबी चालतं आता," प्रतिक्षा म्हणाली.

त्याच्या खिशात मीठ तसंच होतं. वाया कशाला घालवायचं, म्हणून आम्ही पेरू घेतले.