घारीचा अंगठा

"अंगठा उघडाच ठेवला की हिनं!"

मावशींच्या तोंडून ते जवळजवळ मोठ्यानंच निघून गेलं. नशीब, ऐकायला कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. हातात पाण्याच्या बाटल्यांचं क्रेट होतं आणि ते न्यायचं होतं दुसऱ्या टोकाला, आपल्या मुलींच्या खोलीत. पण वाटेत पाहुण्या क्लबाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं, आणि आत बाकावर घार बसली होती.

त्यांची घार. तिचा डावा पंजा एका परक्या बाईच्या मांडीवर पसरलेला. बाई तिशीची, केस वर बांधलेले, कमरेच्या पट्ट्याला रंगीबेरंगी टेपच्या गुंडाळ्या लटकवलेल्या. एकेका बोटाला ती टेप गुंडाळत होती आणि घार त्या बाईच्या भाषेत काहीतरी सांगून खिदळत होती. टेप करताना खिदळायचं नसतं, हात हलतो. मावशींनी तिला कधी खिदळू दिलं नव्हतं. आणि ही बाई स्वतःच हसत होती! शिवाय टेप कात्रीनं कापत होती, नाजूकपणे, केकवरची रिबीन कापावी तशी.

"काय मेलं कौतुक," मावशी पुटपुटल्या आणि क्रेट सावरत पुढं निघाल्या. चार पावलं गेल्यावर पुन्हा मागं वळून पाहिलंच त्यांनी. अंगठा खरंच उघडा होता.

फुटसाल म्हणजे छपराखालचा, लाकडी जमिनीवरचा फुटबॉल. एका बाजूला पाचच जणी, चेंडू लहान पण जड. बऱ्याच गोलकीपर हातमोजे घालत नाहीत. उघड्या बोटांना टेप गुंडाळून उभ्या राहतात, कारण अडवलेला चेंडू लगेच हातानंच लांब फेकायचा असतो. मावशी क्लबाच्या कपडेवाल्या. मुलींचे शर्ट धुणं, बाटल्या भरणं, हरवलेले मोजे शोधणं हे त्यांचं काम. पण पूर्वी त्या एका दवाखान्यात मलमपट्टीच्या खोलीत होत्या, आणि क्लबाला वेगळा फिजिओ परवडत नव्हता, म्हणून गोलकीपरची बोटंही त्यांच्याच हवाली झाली होती.

घार आली तेव्हा सोळा वर्षांची होती. चेंडूवर झडप घालायची म्हणून घार. दुसऱ्याच सामन्यात तिचा डावा अंगठा निखळला. दवाखान्यात तिच्या शेजारी बसल्या त्या मावशी. बसवताना ओरडली ती मावशींच्या खांद्यात तोंड खुपसून. त्या दिवसापासून प्रत्येक सामन्याआधी तो अंगठा मावशी तळहाताशी आवळून बांधायच्या, फुलीवर फुली घालत. सात हंगाम. "मावशे, तू बांधलंस की मला कुणाच्या बापाची भीती नाही," असं घार म्हणायची. मावशींना मूलबाळ नव्हतं. त्या याबद्दल बोलायच्या नाहीत, आणि घारीबद्दल बोलायचं थांबायच्या नाहीत.

मग परदेशातल्या बड्या क्लबानं घारीला उचललं. पहिल्या हंगामात दर रविवारी फोन यायचा. पुढं सणासुदीला. मग नुसते मेसेज, आणि हल्ली तर मावशींनी एवढं लांबलचक लिहिलं की उत्तरादाखल फक्त वर उचललेल्या अंगठ्याचं चित्र. आणि आता देशोदेशींच्या क्लबांची ही स्पर्धा नेमकी मावशींच्याच शहरात भरली होती, आणि उपांत्य फेरीत समोर नेमका घारीचाच क्लब आला होता.

सकाळी निघताना मावशींनी ठेवणीतला स्वेटर काढला, तसे त्यांचे यजमान पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "सवत बघायला एवढा नट्टापट्टा?"

चूक मावशींचीच. पाहुण्या संघाचा फोटो त्यांनीच आदल्या दिवशी त्यांना दाखवला होता: "ही बघा, घारीच्या खांद्यावर हात कसा टाकलाय, जशी काय हिनंच वाढवलीय."

"अगं, सवत नवऱ्याची असते. तुझा नवरा इथं खुर्चीत बसलाय."

"तुमच्यासाठी कोण जळतंय!" मावशी म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं. पण 'जळतंय' हा शब्द आपल्याच तोंडून निघाला, हे त्यांना जिना उतरताना टोचत राहिलं.

आपल्या खोलीत त्या पोचल्या तेव्हा सर मुलींना शेवटच्या सूचना देत होते.

"आणि लंबू, आज फेक नीट कर बाई. मागच्या सामन्यात तू चेंडू आपल्यांना देत होतीस की त्यांना, तेच मला कळेना."

"समाजसेवा करते ती, सर," कुणीतरी म्हणालं. मुली हसल्या.

लंबू हसली नाही. घारीनंतर आलेली ही गोलकीपर, ताडमाड उंच, बोलायला महाकंजूस. अडवायला चांगली होती. फेकीनं मात्र मान खाली घालायला लावायची.

"मध्यंतरापर्यंत बघतो," सर म्हणाले. "नाही जमलं तर दुसरी उभी करणार. आणि स्पष्टच सांगतो, पुढच्या हंगामाचंही मग मला वेगळं बघावं लागेल. रोज रोज नाही चालायचं हे."

लंबूनं मान डोलावली आणि मावशींसमोर येऊन बसली. डावा हात पुढं केला. मावशींनी टेप दातांनी फाडली. बोटं त्यांच्या हातापुढं आपोआप येत होती, फुलीवर फुली पडत होती, आणि मन कॉरिडॉरच्या त्या टोकाला अडकलं होतं. उघडा अंगठा! पोरीला पुन्हा लागलं म्हणजे? बड्या क्लबात एवढे फिजिओ ठेवून काय उपयोग, जर एकीलाही ठाऊक नसेल की हा अंगठा—

"मावशी, जरा घट्ट होतंय."

"घट्टच असतं ते," मावशी म्हणाल्या. वर पाहिलंसुद्धा नाही.

दोन्ही संघ मैदानात जाण्यासाठी कॉरिडॉरमध्ये रांगेत उभे राहिले, तेव्हा घारीनं त्यांना पाहिलं. रांग मोडून ती धावत आली.

"मावशे! अगं, किती वाळलीस! आणि हा स्वेटर अजून आहे?"

 मावशींनी घारीची पाठ थोपटली, केस मागं सारले, आणि मग सरळ तिचा डावा हात पकडला. "आधी मला हे सांग, अंगठा उघडा का? त्या बाईला काही कळतं की नाही?"

"अगं, बरा झाला तो कधीच!" घारीनं अंगठा गरगर फिरवून दाखवला. "हिनं सहा महिने व्यायाम करून घेतला माझ्याकडून. रडवलं मला. ती म्हणते, सारखा बांधून बांधूनच तो आळशी झाला होता. कुणीतरी फार लाड केलेत याचे, म्हणते."

घार हसत होती. तिच्या मनात काही नव्हतं, मावशींना ते दिसत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. पलीकडून ती बाई त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसली. मावशींनी न पाहिल्यासारखं केलं. सात हंगाम. सात हंगाम ज्याला त्या माया समजत होत्या, त्याला ही कालची बाई आळस म्हणत होती, आणि घार तिचंच म्हणणं खरं धरून अंगठा नाचवत होती.

तेवढ्यात घारीची नजर शेजारी उभ्या लंबूच्या हातावर गेली.

"अय्या! मावशे, हा तर माझाच अंगठा!" तिनं लंबूचा हात उचलून उलटासुलटा केला. "अगदी तस्साच! तुझाही निखळला होता का गं?"

"नाही," लंबू म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

शिट्टी झाली. रांग पुढं सरकली.

मावशी राखीव मुलींच्या बाकामागं उभ्या राहिल्या. सामना सुरू झाला, पण त्यांना दिसत होती फक्त घार. काय अडवत होती पोर! आणि अडवला की उजव्या हातानं असा भिरकावायची की चेंडू मैदानाच्या पार त्या टोकाला तिच्या संघातल्या मुलीच्या पायाशी जाऊन पडायचा. दोनदा मावशींच्या तोंडून "वा!" निघालं, आणि बाकावरच्या मुलींनी वळून पाहिलं.

मग लंबूनं एक जोरदार फटका अडवला. उठली, समोर आपली मुलगी मोकळी दिसली, आणि तिनं डावा हात मागं नेला.

लंबू डावरी होती. हे मावशींना ठाऊक नव्हतं थोडंच? ती पाणी डाव्या हातानं पिते, सही डाव्या हातानं करते, हे त्या रोज पाहत होत्या. पण आज पहिल्यांदा त्यांनी तिला फेकताना पाहिलं. आत्तापर्यंत दर वेळी फेक झाल्यावर त्या मान वळवायच्या आणि मनात म्हणायच्या, घार असती तर. आज त्यांनी तो पंजा पाहिला. चार बोटं चेंडूभोवती, आणि अंगठा तळहाताला जखडलेला, मुटकुळं करून. चेंडू हातातून निसटला, घरंगळला, थेट पाहुण्या मुलीच्या पायात गेला आणि तिथून जाळ्यात.

समोर घार दोन्ही हात उंचावून नाचली. क्षणभर मावशींचं काळीज तिच्याबरोबर उडालं. खोटं कशाला बोला, उडालंच. आणि मग धपकन खाली आलं.

मध्यंतराला सर खोलीत आले ते थेट लंबूकडेच वळले. "बस आता तू. बोललो होतो मी."

लंबू शर्ट काढायला उठली.

"सर, थांबा," मावशी म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "हात मी बांधलाय तिचा."

"म्हणजे काय?"

"फेकायचा हात तिचा डावा. आणि डावा अंगठा मी तळहाताला बांधून टाकते. आख्खा हंगाम. तिला काही झालेलं नाही त्याला."

"मग बांधता कशाला?"

 "घारीचा बांधायचे," मावशी म्हणाल्या.

 मावशी लंबूसमोर खाली बसल्या. "तू बोलली का नाहीस गं मला?"

"बोलले होते," लंबू म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, घारीला असंच लागायचं. मला वाटलं, इथं असंच असतं." ती पुढं म्हणाली, "नंतर पण बोलले. तुम्ही तेव्हा फोन बघत होतात."

मावशींनी टेप टराटरा ओढली. खालची कातडी पांढरी पडली होती, भिजून सुरकुतलेली. लंबूनं अंगठा हळूहळू उघडला, मिटला, उघडला.

"कुठे दुखतं तुला?" मावशींनी विचारलं.

लंबूनं त्यांच्याकडे पाहिलं. खरंच विचारतायत का, याचा अंदाज घेतल्यासारखं.

"करंगळी. उजवी. केव्हाची."

उजवी करंगळी सांध्याशी सुजलेली होती. ती मावशींच्या डोळ्यांसमोर आणि हाताखाली कितीतरी वेळा येऊन गेली असणार. मावशींनी ती हलकेच शेजारच्या बोटाला जोडून बांधली. फुली कशी घालायची ते त्यांना एकदम आठवेना. हात अडखळले, एकदा टेप उलटी चिकटली, पुन्हा सोडून पुन्हा लावावी लागली.

"असं बरंय?"

"थोडं वर."

"असं?"

"हं."

सर दारात उभे होते. घड्याळाकडे पाहून म्हणाले, "चल, लंबू. तूच चल."

हरल्याच त्या. घारीला भेदणं कुणालाच जमलं नाही, आणि मावशींना त्याचा अभिमान वाटल्याशिवाय राहिला नाही, अन् त्या अभिमानाचा रागही आला. पण उत्तरार्धात लंबूनं जे चेंडू फेकले ते सगळे आपल्या मुलींकडे गेले. एक तर इतका लांब गेला की सरांनी हातातली वही खाली टाकली. सामना संपल्यावर त्यांनी लंबूला एवढंच विचारलं, "सोमवारी सरावाला येतेस ना?" आणि लंबू म्हणाली, "येते."

घार खोलीच्या दारात आली तेव्हा तिच्या गळ्यात स्पर्धेचा रुमाल होता, केस घामानं चिकटलेले. आत येऊन तिनं बाकावर बैठक मारली आणि दोन्ही हात मावशींपुढं पसरले, पूर्वीसारखे.

"मावशे, सोड ना टेप. ती ओढून काढते, केस उपटून निघतात. तुझ्यासारखं कुणाला येत नाही."

सबंध हंगामभर, खरं तर दोन हंगाम, मावशी या वाक्याची वाट पाहत होत्या. ते हात त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होते. अंगठ्याच्या बुडाशी जुन्या दुखापतीची गाठ अजून होती, त्यांनी ती लगेच ओळखली. दारात ती बाई येऊन थांबली होती, घड्याळ दाखवून घारीला खुणावत होती. बस सुटायची असणार.

मावशींच्या मांडीवर लंबूचा उजवा हात होता. कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं त्या करंगळीची टेप भिजवत होत्या, म्हणजे सुजलेलं बोट ओढलं जाणार नाही.

"जा तुम्ही," लंबू हळूच म्हणाली. "तिचं काढा आधी. मी माझं काढते."

घार वाट पाहत होती. मग दारातून पुन्हा हाक आली, तिच्या नव्या भाषेत, तिच्या खऱ्या नावानं, आणि घार उठली. मावशींच्या डोक्यावर तिनं गाल टेकवला. "फोन करते गं," म्हणाली, आणि बाहेर पडता पडता तिनं आपले हात त्या बाईपुढं केले. कॉरिडॉरभर दोघींचं हसणं ऐकू येत राहिलं.

मावशींनी मान वर केली नाही. डोळ्यांतलं पाणी फडक्यात पडलं की नाही, ते फडकं आधीच ओलं असल्यामुळे कळायला मार्ग नव्हता.

"हलवू नकोस गं," त्या लंबूला म्हणाल्या. "सुटतंय."