पांढरं आधी विरतं

आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या वर्षी ताटं ठेवायला जागा नसायची. सगळीकडे पक्ष्यांचे फोटो. सूनबाईनं तळ्यावरच्या पक्ष्यांचं पुस्तक करायला घेतलं होतं आणि ज्याच्या हातात कॅमेरा होता तो प्रत्येक माणूस तिला फोटो पाठवत होता. एकानं तर गरुड म्हणून स्वतःच्याच गच्चीवरचं कबुतर पाठवलं. वरून विचारलं, पुस्तकात पूर्ण पान मिळेल ना?

सूनबाई दवाखान्यात एक्स-रे काढते. संध्याकाळी घरी आली की हातपाय धुऊन फोटो निवडायला बसायची. तिनं बुटांचे तीन खोके केले होते. एकावर लिहिलं होतं ‘ओळखले’, दुसऱ्यावर ‘वाद’ आणि तिसऱ्यावर ‘बाबांना दाखवा’.

बाबा म्हणजे मी. मी रफूवाला. कोटाला भोक पडलं की त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोक असं विणायचं की कोट घालणाऱ्यालाही सापडू नये. या कामात रंगाला नुसतं ‘तपकिरी’ म्हणून भागत नाही. चहाचा तपकिरी वेगळा, गंजाचा वेगळा, ओल्या मातीचा वेगळा. एकदा सूनबाई दोन बदकांच्या माद्यांपुढे डोकं धरून बसली होती. दोघी तपकिरी, दोघी ठिपक्यांच्या. मी पाणी प्यायला उठलो होतो. जाता जाता म्हणालो, “हिच्या पिसाला फिकट धाग्याची किनार आहे, आणि हिच्या पिसाला किनार तर आहेच, शिवाय आत आणखी एक बाण विणलाय. एका ठाणातलं कापड नाही हे.” त्या दोन वेगळ्या जातीच निघाल्या. तिसरा खोका तेव्हापासूनचा.

वाचायला मी त्रेसष्टाव्या वर्षी शिकलो, तेही सूनबाईकडूनच, एक्स-रेच्या जुन्या पाकिटांच्या पाठीवर. अजून ऱ्हस्व-दीर्घाशी माझं पटत नाही. पक्ष्यांचं मात्र तिच्याआधी मला कळायला लागलं, असं ती पाहुण्यांना सांगते. मी नको नको म्हणतो आणि ऐकत उभा राहतो.

तर, त्या खोक्यात एका संध्याकाळी वटवट्याचा फोटो आला. वटवट्या हा चिमणीहून लहान, हिरवट राखी पक्षी. एका जागी बसत नाही आणि तोंड बंद ठेवत नाही. सूनबाईनं नाव सांगितल्यावर आमची ही म्हणाली, “यासाठी तळ्यावर कशाला गेलीस? घरात एक आहेच की.”

वटवट्यांची गंमत अशी की सगळे एकासारखे एक दिसतात. त्यातल्या एकाच्या मिटलेल्या पंखावर नखाएवढी बारीक पांढरी पट्टी असते. तो दर हिवाळ्यात आमच्या तळ्यावर येतो, ढिगानं. दुसऱ्याला पट्टी नसते आणि चोच जरा लांब असते. तो आमच्याकडे कुणी कधीच पाहिला नव्हता. आणि या फोटोत पट्टी नव्हती. चोच पानाआड गेलेली.

फोटो सूनबाईनं स्वतः काढला होता. ती टेबलाच्या कडेला बोटानं टकटक करत होती.

“पट्टी नाहीये, बाबा. पण घासून गेली असेल तर? हिवाळा संपतानाचा फोटो आहे. पिसं वर्षभर वापरलेली असतात. नवी यायच्या आधी फार वाईट दिसतात.”

मी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. पिसांचा गडद भाग चांगला भरीव होता, कुठे विरळ नाही. मग मी निकाल दिला.

“कापडात काळं आधी जातं. जुन्या काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडात बघ, पांढरे धागे राहतात आणि काळ्या धाग्यांच्या जागी जाळी होते. काळा रंग करताना लोखंडाचं पाणी वापरायचे, ते धागा खातं. मी चाळीस वर्षं तेच भरत आलोय.”

“मग?”

“मग यात गडद शाबूत आहे. म्हणजे पीस विरलेलंच नाही. पट्टी गेली नाही, पट्टी नव्हतीच.”

सूनबाईनं टाळी वाजवली. आमची ही आतून ओरडली, “काय सापडलं?”

“नवा वटवट्या!”

“जुन्याचं काय करायचं मग?”

पुस्तकाचे संपादक मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना पाठीमागे टाचणीसाहेब म्हणतात, कारण त्यांनी प्रश्न विचारला की माणूस भिंतीला टाचल्यासारखा उभा राहतो. ते फोटो घेऊन गेले. तीन दिवसांनी माझ्या दुकानात आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

“काळं आधी जातं, हे खात्रीनं?”

मी ड्रॉवरमधून एक जुना चौकड्यांचा तुकडा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. त्यांच्या चेहऱ्यावर जाळीची सावली पडली.

“तर्क पक्का आहे,” ते म्हणाले. “या पक्ष्याचं पान तुम्ही लिहा. खाली तुमचं नाव टाकू.”

मी सुईत दोरा ओवत होतो. तीन वेळा चुकलो.

पान लिहायला मला अकरा दिवस लागले. सतरा ओळी. सूनबाईनं लाल पेननं पंधरा चुका काढल्या आणि मी पुन्हा लिहिलं. आमची ही चष्मा लावून वाचत बसली. तिला लहानपणापासून वाचता येतं आणि हे ती मला चाळीस वर्षं विसरू देत नव्हती. वाचून झाल्यावर म्हणाली, “लग्नाच्या कागदावर अंगठा दिला होतात तुम्ही. मी सही केली होती. आठवतंय?”

“आठवतंय.”

“आता छापून नाव येणार म्हणा.” आणि कागदाची घडी न घालता तो कपाटात कपड्यांवर सपाट ठेवला.

गुरुवारी पुस्तक छापखान्यात जाणार होतं. आता सांगतो ती गोष्ट त्याआधीच्या सोमवारची.

माझ्या दुकानात एक खिडकी, एक टेबल, एक दिवा, धाग्यांचे ड्रॉवर आणि उभा आरसा आहे. आरशाशेजारी खिळ्याला पिसांचा झाडू टांगलेला असतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोंबड्याची पिसं. बावीस वर्षं तोच आहे. रोज सकाळी मी त्यानं आरसा आणि टेबल झटकतो. त्या दिवशी झटकताना एक पीस गळालं आणि टेबलावरच्या काळ्या कोटावर पडलं. मी ते चिमट्यानं उचलायला गेलो. डोळ्याला भिंग होतंच.

पिसाची कड करवतीसारखी झाली होती. जिथे काळी पट्टी, तिथे दात उभा. जिथे पांढरी, तिथे खाच.

मी झाडू खाली घेतला आणि एकेक पीस पाहिलं. बाहेरची सगळी पिसं तशीच. आत दबलेल्या, कधी घासल्या न गेलेल्या पिसांची कड सरळ, पांढरं पूर्ण. म्हणजे पिसात काळं टिकतं आणि पांढरं आधी जातं. कापडाच्या बरोब्बर उलट. बावीस वर्षं हातात धरून मी हे झटकत होतो.

मी दिवा बंद केला, परत लावला. पिसं तीच.

आता खरं सांगायचं तर मी तो झाडू खिळ्याला परत लावला. कोट घेऊन बसलो. कुणाला कळणार होतं? टाचणीसाहेबांनीच पास केलेलं. पान लागलेलं. नाव लागलेलं. चार धागे भरले आणि थांबलो. रफू म्हणजे भोक लपवायचं काम. आयुष्यभर तेच केलं आणि त्यात काही पाप नाही. पण लपवलेलं भोक कुठे आहे हे रफूवाल्याला माहीत असतं. तो कोट पुढे रस्त्यात दिसला तरी त्याची नजर आधी तिथेच जाते. ते पुस्तक कपाटात दिसलं की माझी नजर कुठे जाणार होती? शिवाय पुढे कुणी ते पुस्तक घेऊन तळ्यावर जाईल आणि प्रत्येक विरलेल्या वटवट्याला नवा समजेल. माझ्या नावाच्या भरवशावर.

झाडू पिशवीत घालून मी दुपारीच घरी आलो.

“दुकान झाडायचं सोडून झाडू घरी आणलात?” आमची ही म्हणाली.

“पान चुकलं.”

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, झाडू काढला आणि टेबलावर फोटोंच्या मधोमध ठेवला. मग चहा ठेवला.

सूनबाई आल्यावर मी तिला पीस आणि भिंग दिलं. तिनं पाहिलं. मी म्हणालो, “कापडाचा नियम पिसाला लावला मी.”

तिनं कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला, इतका की पक्षी गेला आणि नुसता पंख उरला. पट्टी असायला हवी त्या ओळीतली पिसं टोकाला चावल्यासारखी होती. एकच पीस दुसऱ्याखाली दबलेलं. त्याच्या टोकाशी फिकट ठिपका होता. आम्ही दोघांनी तो उन्हाचा कवडसा समजून सोडून दिला होता.

“ही पट्टी,” ती म्हणाली. “उरलेली.”

“तुझा नवा पक्षी गेला.”

ती हसायला लागली. “मी दवाखान्यात सगळ्यांना सांगते, ठिपका दिसला की सोडायचा नाही. आणि स्वतःच्या फोटोतला सोडला!” मग माझ्याकडे वळली. “बाबा, तुमचं पान जाईल.”

“जाऊ दे.”

“वाईट वाटतंय?”

“वाटतंय. सतरा ओळी होत्या.”

तिनं फोन केला आणि टाचणीसाहेब तासाभरात आले. छत्री दाराला लावली, पीस घेतलं, झाडू घेतला. झाडूतली पिसं त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वेळ तपासली. मी भिंतीला टाचलेला.

“आज सांगितलंत,” ते शेवटी म्हणाले. “शुक्रवारी सांगितलं असतंत तर?”

“तर काय?”

“तर मी तुमच्याकडे कोट दिला असता, पण चहा प्यायला आलो नसतो.” आणि त्यांनी कप पुढे केला. आमच्या हिनं तो भरला.

त्यांनी ठरवलं की नव्या पक्ष्याचं पान काढायचं. हा फोटो आपल्या नेहमीच्या पट्टीवाल्या वटवट्याच्या पानावर घ्यायचा, चांगल्या फोटोच्या शेजारी, म्हणजे लोक फसणार नाहीत. फोटोखाली एक ओळ हवी. “सांगा,” ते पेन काढून म्हणाले.

“पांढरं आधी विरतं.”

“विरतं?” पेन थांबलं. “विरतं ते कापड. पिसं झिजतात.”

“झिजते ती चप्पल,” आमची ही म्हणाली. तिनं त्यांच्या हातातलं पीस घेऊन दिव्यासमोर धरलं. “झिजलं की तळ घासतो. हे बघा, आरपार दिसतंय. विरलंच आहे हे.”

टाचणीसाहेबांनी दिव्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. छापखान्यातून कच्ची प्रत आली तेव्हा कुणीतरी ते ‘झिजतं’ केलं होतं. साहेबांनी खोडून पुन्हा ‘विरतं’ केलं, असं सूनबाईनं मला दाखवलं.

पुस्तक आलं. हिनं पान काढलं, चष्मा लावला, मोठ्यानं वाचलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणि नाव?”

“फोटोखालच्या ओळीला नाव नसतं.”

“अकरा दिवस खपून तीन शब्द.”

“अकरा दिवस त्या दुसऱ्या पानाला लागले. हे तीन झाडूनं दिले.”

तिनं बोट त्या ओळीवरून पुन्हा एकदा फिरवलं. पुस्तक मिटताना त्या पानात खूण म्हणून एक पीस घातलं. झाडूतलं होतं. म्हणजे झाडूतून आणखी एक गेलं. या वेगानं आरसा कशानं झटकायचा हा प्रश्नच आहे.

टेबल अजून मोकळं झालेलं नाही. सूनबाईनं पुढच्या भागासाठी फोटो मागवलेत आणि तिसरा खोका पुन्हा भरतोय. परवा तिनं त्यातून एक सरकवला. पाणपक्षी होता, राखी, पंखांची टोकं काळीभोर. “याच्या टोकांवर पांढरे ठिपके हवेत. नाहीयेत. कोण असेल, बाबा?”

मी भिंग उचललं, परत खाली ठेवलं.

“आधी सांग,” मी म्हणालो, “फोटो कोणत्या महिन्यातला आहे?”